सक्ती, प्रवेश आणि भाषा : भारतातील शिक्षणहक्काच्या इतिहासातील सांस्कृतिक विविधतेचा प्रश्न

१. प्रास्ताविक

भारतातील शिक्षणहक्काचा इतिहास बहुधा एका सरळ रेषेत सांगितला जातो. महात्मा जोतीराव फुले यांची हंटर आयोगापुढील साक्ष, बडोदे आणि कोल्हापूर या संस्थानांतील सक्तीच्या शिक्षणाचे प्रयोग, नामदार गोखले यांचे विधेयक, राज्यघटनेचा अनुच्छेद ४५ आणि अखेरीस २००२ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती व तिच्यामागून आलेला २००९चा कायदा, असे या रेषेवरील टप्पे आहेत. ही मांडणी यथार्थ असली तरी तिच्यात एक प्रश्न मागे राहून जातो. शाळेचे दार ज्याच्यासाठी उघडावयाचे ते मूल कोणती भाषा बोलत होते, कोणत्या जातीजमातीतून आणि कोणत्या जीवनक्रमातून येत होते, आणि शाळेने त्याची ही ओळख स्वीकारली की ती दाराबाहेर ठेवून यावयास सांगितले, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचाही स्वतंत्र असा इतिहास आहे. तो सक्तीच्या शिक्षणाच्या इतिहासाला समांतर चालत आला असून मोजक्या प्रसंगी त्याला छेदून गेला आहे. प्रस्तुत लेखात या छेदनबिंदूंचा विचार करावयाचा आहे. 'सर्व मुलांना शिक्षण' हे तत्त्व आणि 'प्रत्येक समूहाला आपली भाषा व संस्कृती जपण्याचा अधिकार' हे तत्त्व आपल्या सार्वजनिक जीवनात जवळजवळ एकाच काळात रुजले. परंतु पहिल्याला उशिरा का होईना अंमलबजावणीयोग्य हक्काचे रूप मिळाले, तर मुलाच्या भाषेचा प्रश्न 'शक्य असेल तेथवर' या शब्दांपाशी थांबला. असे का घडले, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. देशी भाषेची शाळा आणि तिच्या दाराबाहेरची मुले

१८३५च्या मेकॉलेच्या टिपणाने इंग्रजी शिक्षणाला सरकारी आश्रय दिला आणि १८५४च्या वुडच्या खलित्याने प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून द्यावे असे धोरण ठरविले. या दोन दस्तऐवजांतील विरोध आपल्या परिचयाचा आहे. मात्र 'देशी भाषा' ही संज्ञाही एकजिनसी नव्हती, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. मुंबई इलाख्यातील मराठी शाळांत जी मराठी शिकविली जाऊ लागली, ती मोल्सवर्थ, कँडी आणि त्यांच्या शास्त्रीमंडळींनी कोश, व्याकरण व क्रमिक पुस्तके यांच्या द्वारे घडविलेली प्रमाण मराठी होती. खानदेशातील अहिराणी बोलणाऱ्या, कोकणातील वारली बोलणाऱ्या किंवा वऱ्हाडातील कुणब्याच्या घरातील मुलाच्या दृष्टीने ती भाषा कमीअधिक प्रमाणात शिकावीच लागणारी होती. आधुनिक मराठी गद्याची जडणघडण याच प्रक्रियेतून झाली हे खरे आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि देशी भाषेतील शाळा म्हणजे मुलाच्या घरच्या भाषेतील शाळा, हे समीकरण प्रारंभापासूनच अंशतः खरे होते, एवढे नोंदविणे आवश्यक आहे.

भाषेच्या आधी जातीचा अडसर होता. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारने तत्त्वतः मुलाची बाजू न्याय्य मानली. पण एका मुलाच्या प्रवेशाने इतरांनी शाळा सोडली तर शाळेचा उपयोग संपेल, अशी भीती पुढे करून हस्तक्षेप टाळला. पुढे कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना भेदभावाशिवाय खुल्या आहेत असे स्पष्ट केले. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात फारसा फरक पडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात या प्रकरणाची आवर्जून दखल घेतली आहे. तत्त्व मान्य करावयाचे आणि त्याची अंमलबजावणी बहुसंख्यांच्या सोयीवर सोपवावयाची, ही जी रीत धारवाड प्रकरणात दिसते, ती पुढील दीडशे वर्षांत निरनिराळ्या वेशांत पुनःपुन्हा भेटते.

१८८२च्या हंटर आयोगापुढे फुले यांनी दिलेली साक्ष या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वश्रुत आहे. परंतु त्यांची साक्ष एवढ्यावर थांबत नाही. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, असे ते सांगतात. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, आरोग्य, नीती यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचवितात. महार-मांगांची मुले जातीय पूर्वग्रहामुळे शाळेबाहेर राहतात आणि पुण्यासारख्या शहरात त्यांच्या पाच हजारांहून अधिक वस्तीसाठी एकच शाळा असून तिच्यात तीसही मुले नाहीत, हे ते आकड्यानिशी मांडतात. मुसलमान मुलेही या शाळांपासून दूर राहतात, कारण तेथील भाषेविषयी त्यांना आपुलकी वाटत नाही, असेही त्यांचे निरीक्षण आहे. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणाऱ्या आपल्याकडील या आरंभीच्या दस्तऐवजातच शिक्षक कोण, विषय कोणते, भाषा कोणती आणि बाक कोणाशेजारी, हे चारही प्रश्न एकत्र आलेले आहेत. पुढे राज्यकर्त्यांनी व सुधारकांनी हे प्रश्न एकमेकांपासून सुटे केले.

३. संस्थानांतील प्रयोग आणि गोखले यांचे विधेयक

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण संस्थानाला लागू केले. या राज्याची प्रजा मुख्यतः गुजराती भाषक, राजघराणे व अधिकारीवर्गाचा मोठा भाग मराठी भाषक, तर पूर्वेकडील डोंगराळ मुलुखात आदिवासींची वस्ती, अशी रचना होती. प्राथमिक शिक्षण गुजरातीतून देण्याचे धोरण राज्याने ठेवले, मराठी भाषकांसाठी मराठी शाळा चालविल्या आणि सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली. अंत्यज शाळांसाठी सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना पाचारण करण्यात आले. कायद्याने मुलाला शाळेत आणता येते. पण त्याला शिकविण्याची तयारी असलेला माणूस कायद्याने उभा राहत नाही, हा बडोद्याच्या प्रयोगाचा धडा होता.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगळा मार्ग धरला. १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वसतिगृहे समाजनिहाय ठेवावयाची आणि शाळा मात्र सामाईक करावयाची, या योजनेवर जातिनिष्ठ असल्याची टीका त्या काळी झाली आणि नंतरही होत राहिली. तिच्यामागील विचार मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्याजेवण्याचे, आपल्या माणसांचे छत्र मिळाले तरच तो सामाईक वर्गात टिकेल, हे महाराजांनी ओळखले होते. विविधतेला आधार आणि शिक्षणात समानता, अशी ही दुहेरी रचना होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय मर्यादित स्वरूपाचे होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती लागू करण्याची मुभा स्थानिक संस्थांना असावी, तीही विशिष्ट उपस्थिती साध्य झाल्यावर आणि सरकारच्या मंजुरीने, एवढेच त्यात होते. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. हा पराभव सर्वांना ठाऊक असला तरी या चर्चेतील भाषेचा प्रसंग फारसा उल्लेखिला जात नाही. सक्ती आली तर आपल्या मुलांना परकी भाषा शिकावी लागेल, अशी शंका मुसलमान समाजातील काही पुढाऱ्यांनी व्यक्त केली होती. त्यावर विशिष्ट भाषा बोलणारी पंचवीस मुले शाळेत असतील तर त्यांना त्या भाषेतून शिकविण्याची तरतूद करावी आणि संख्या त्याहून कमी असेल तर सक्ती स्वीकारावी की नाही हे त्या समाजानेच ठरवावे, अशी तडजोड गोखले यांनी मान्य केली होती. सक्ती आणि भाषिक अधिकार यांची एकत्र, आकड्यानिशी सांगड घालण्याचा हा आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल. विधेयक पडले आणि ही सांगडही त्याच्याबरोबर विस्मृतीत गेली.

येथे सक्तीच्या दुसऱ्या बाजूचाही निर्देश केला पाहिजे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये ज्या जमातींवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांच्यासाठी सोलापूर आदी ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या. तेथील मुलांना शाळा सक्तीची होती. परंतु त्या सक्तीमागे मुलाचा हक्क मान्य करण्याची भूमिका नव्हती. आईबापांच्या जीवनरीतीपासून मुलाला तोडणे हाच सुधारणेचा मार्ग आहे, अशी धारणा तिच्यामागे होती. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. शाळा ही मुक्तीची वाट जशी होऊ शकते, तशीच ती एखाद्या समाजाला त्याच्या स्वत्वाची लाज वाटावयास लावणारी यंत्रणाही होऊ शकते, याची आठवण हा इतिहास करून देतो.

४. संविधान सभेत दोन वाटा

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर शिक्षणाचा हक्क प्रथम मूलभूत हक्कांच्या उपसमितीच्या मसुद्यात होता. एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीने तो न्यायालयात दाद मागता येईल अशा हक्कांतून काढून मार्गदर्शक तत्त्वांत ठेवावा असे ठरविले. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास 'हक्कदार' आहे अशा आशयाचा आरंभीचा भाग लक्ष्मीकांत मैत्र यांच्या दुरुस्तीने वगळण्यात आला. हा अनुच्छेद केवळ प्राथमिक शिक्षणापुरता मर्यादित करावा, अशीही एक सूचना होती. ती डॉ. आंबेडकरांनी अमान्य केली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास संविधान मनाई करीत असेल, तर ते मूल त्या वयापर्यंत शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अशा रीतीने दहा वर्षांची मुदत घालून अनुच्छेद ४५ सिद्ध झाला. १९६० साली ती मुदत संपली आणि उद्दिष्ट दूरच राहिले.

याच्या पंधरवड्यानंतर, डिसेंबर १९४८च्या दुसऱ्या आठवड्यात, अल्पसंख्याकांच्या सांस्कृतिक व शैक्षणिक हक्कांची चर्चा झाली. वेगळी भाषा व लिपी असलेल्या नागरिकसमूहाला आपल्या मुलांचे प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून व लिपीतून मिळण्याचा हक्क असावा, अशी दुरुस्ती झेड. एच. लारी यांनी मांडली. ती स्वीकारली गेली नाही. भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा अधिकार आणि आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा अधिकार मात्र अनुच्छेद २९ व ३० मध्ये मान्य झाला. या निर्णयाचा परिणाम दूरगामी ठरला. जो समाज संघटित व साधनसंपन्न आहे, त्याला स्वतःची शाळा काढण्याचे संरक्षण मिळाले. परंतु ज्या समाजाजवळ शाळा काढण्याची ऐपत नव्हती, त्याच्या मुलाला सरकारी शाळेत आपल्या भाषेचा दावा करता येईना.

या दुसऱ्या प्रकारच्या समाजाची बाजू जयपालसिंग मुंडा यांनी मांडली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये आठव्या अनुसूचीवरील चर्चेत त्यांनी मुंडारी, गोंडी आणि ओरांव या भाषांचा समावेश व्हावा, असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. संथाळी व बोडो या भाषांना आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. गोंडी आजही तिच्याबाहेर आहे. २०११च्या जनगणनेनुसार भिली व तिच्या बोलींचे भाषक एक कोटी चार लाखांच्या आसपास, तर गोंडीचे जवळजवळ तीस लाख आहेत. लोकसंख्येने लहान असलेल्या काही अनुसूचित भाषांच्या तुलनेत या संख्या कितीतरी मोठ्या आहेत. भाषेचे सार्वजनिक स्थान केवळ तिच्या भाषकांच्या संख्येवर ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

५. भाषावार राज्ये आणि राज्यहीन भाषा

ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सूत्र ठरविले. एखाद्या शाळेत प्रादेशिक भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली चाळीस मुले किंवा एका वर्गात दहा मुले असतील, तर त्यांना मातृभाषेतून शिकविण्यासाठी किमान एक शिक्षक नेमावा, असे ते सूत्र होय. गोखले यांच्या तडजोडीतील संख्येची कल्पनाच येथे नव्या स्वरूपात परत आली. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची निकड दाखविली आणि १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ व ३५०-ब समाविष्ट झाले. भाषिक अल्पसंख्याक समूहांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे पहिला अनुच्छेद सांगतो. दुसऱ्यान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले.

या तरतुदींचा लाभ कोणाला झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. सीमेपलीकडे ज्यांची भाषा राज्यभाषा होती, अशा समूहांना तो तुलनेने अधिक झाला. महाराष्ट्रातील कन्नड, तेलुगू व गुजराती शाळा, कर्नाटकातील मराठी शाळा, बहुतेक राज्यांतील उर्दू शाळा ही त्याची उदाहरणे होत. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून प्राथमिक शाळा चालविल्या, ही भारतीय नागरी जीवनातील उल्लेखनीय परंपरा आहे. या समूहांना पाठ्यपुस्तके शेजारच्या राज्यातून मिळू शकत होती, शिक्षकही तेथील अध्यापक विद्यालयांतून घडत होते.

ज्या भाषांना कोणतेच राज्य नव्हते, त्यांची स्थिती निराळी होती. गोंडी भाषकांचा प्रदेश महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत विभागला गेला. एकीकडे ती देवनागरीत, दुसरीकडे तेलुगू लिपीत लिहिली जाऊ लागली. भिलीचेही असेच झाले. भाषावार पुनर्रचनेने मोठ्या भाषांना राज्य दिले आणि आदिवासी भाषांना सीमा दिल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शाळेच्या दृष्टीने या मुलांची नोंद 'मराठी माध्यम', 'हिंदी माध्यम' किंवा 'तेलुगू माध्यम' अशी होत राहिली. मातृभाषेतून शिक्षणाच्या आकडेवारीत ती मिसळून गेली आणि गळतीच्या आकडेवारीत पुन्हा दिसू लागली.

याला अपवाद ठरलेले प्रयत्न बहुधा सरकारबाहेरून झाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाड येथे नेले. वारली मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे ध्यानी आल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. म्हणजे शाळाच कुरणावर नेली. पाने, बिया, शिंपले, माती यांतून शिक्षणसाधने घडविली. मुलाच्या जीवनक्रमात बदल करण्याआधी शाळेने स्वतःत बदल करावा, हा त्यातील विचार होता. समावेशन हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी त्याचा अर्थ येथे कृतीत उतरला होता.

शासकीय पातळीवरील महत्त्वाचा प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाला. आंध्र प्रदेशाने २००४ मध्ये गोंडी, कोया, कोलामी, सावरा, बंजारा इत्यादी आठ भाषांतून आणि ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. मुलाने घरच्या भाषेत वाचावयास शिकावे आणि टप्प्याटप्प्याने राज्यभाषा व इंग्रजी यांकडे जावे, ही त्यामागील रीत होती. त्या त्या समाजातील शिक्षकांनी पाठ्यपुस्तके रचली. त्यांत गावातील सण, शेती, जंगल, गोष्टी आल्या. एकाच वर्गात दोन-तीन भाषा बोलणारी मुले असणे, भाषा जाणणाऱ्या शिक्षकाची बदली होणे, वरच्या इयत्तेत गेल्यावर साखळी तुटणे, या अडचणीही त्याबरोबर उभ्या राहिल्या. त्या प्रशासकीय आहेत आणि म्हणून सोडविता येण्याजोग्या आहेत.

६. २००९चा कायदा : शब्द आणि व्यवहार

सर्वोच्च न्यायालयाने १९९३च्या उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. २००२ मध्ये अनुच्छेद २१-अ संविधानात आला आणि २००९चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या कायद्याच्या भाषेत सांस्कृतिक विविधतेची जाणीव निश्चितपणे आहे. वंचित गटाची व्याख्या करताना सामाजिक व आर्थिक कारणांसोबत सांस्कृतिक, भौगोलिक व भाषिक कारणांचाही उल्लेख तो करतो. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर सोपवितो. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करतो. अध्ययनाचे माध्यम शक्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असेही कलम २९ मध्ये सांगतो.

मात्र यांतील प्रत्येक तरतुदीचे बळ सारखे नाही. खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांची तरतूद मोजता येते, तिच्यासाठी न्यायालयात जाता येते आणि तशी प्रकरणे गेलीही. 'शक्य असेल तेथवर' या शब्दांना असे माप नाही. १९१२ मधील पंचवीस आणि १९४९ मधील चाळीस व दहा हे आकडे काटेकोर नसले तरी निदान आकडे होते. पालक ते घेऊन शाळेत जाऊ शकत होते. २००९च्या कायद्यात शिक्षकांचे प्रमाण, वर्गखोल्या, कामाचे दिवस यांसाठी अनुसूची आहे; भाषेसाठी नाही. धारवाडच्या प्रकरणातील रीत येथे सौम्य रूपात आढळते : तत्त्व मान्य, अंमल सोयीनुसार.

न्यायालयीन निर्णयांनी हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. सक्तीचे शिक्षण आणि अल्पसंख्याकांचे अधिकार यांची पहिली मोठी टक्कर १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणी झाली. अनुच्छेद ४५ खालील कर्तव्य राज्याने अल्पसंख्याकांच्या संस्थांना झळ न लावता पार पाडावे, असे न्यायालयाचे तेव्हा मत पडले. ६ मे २०१४ रोजी एकाच घटनापीठाने दोन निर्णय दिले. एका निर्णयाने २००९चा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही असे ठरविले. दुसऱ्याने कर्नाटक सरकारला प्राथमिक स्तरावर मातृभाषेची सक्ती करता येणार नाही, माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाचे व त्याच्या वतीने पालकांचे आहे, असे म्हटले. पहिल्या निर्णयाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन सदस्यीय पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये शंका उपस्थित करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सुचविले. २०१४च्या दोन्ही निर्णयांमागील स्वातंत्र्याची चिंता रास्त आहे. तथापि निवड करण्यासाठी दोन पर्याय असावे लागतात. ज्या पाड्यावर एकच शाळा आहे आणि तिची भाषा घरची नाही, तेथील पालकाला निवडीचे स्वातंत्र्य कागदावरच मिळते.

याचे एक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात घडले. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासनाची मान्यता नाही या कारणावरून तिला नोटीस बजावण्यात आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मान्यतेची अट मुलांना निकृष्ट शाळांपासून वाचविण्यासाठी कायद्यात आली, हे मान्य केले तरी ज्या कायद्यात मातृभाषेचा पुरस्कार आहे, त्याच कायद्याची चौकट मातृभाषेच्या शाळेच्या आड यावी, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. कलम २९ मधील मातृभाषेचा पुरस्कार आणि अनुच्छेद ३५०-अ मधील राज्याचे कर्तव्य ध्यानात घेता, अशा शाळेस मान्यतेच्या निकषांपर्यंत पोहोचण्यास राज्याने हात द्यावा, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

स्थलांतरित मुलांच्या बाबतीतही प्रवेश व भाषा यांतील अंतर दिसते. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी कर्नाटकातील कारखान्यांवर जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला जवळच्या कन्नड शाळेत बसविले, तर कायद्यातील प्रवेशाचे कर्तव्य पार पडते; पण हंगामाच्या चार-पाच महिन्यांत त्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न उरतो. पश्चिम ओडिशातून तेलंगणातील वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या मुलांची हीच अवस्था होती. म्हणून तेथे भट्टीजवळ ओडिया भाषेतील वर्ग चालविण्याचा मार्ग काढण्यात आला. महाराष्ट्रातील साखरशाळांमागेही हाच विचार होता. मूल जेथे आहे तेथे शाळेने त्याच्या भाषेत पोहोचावे, ही कुरणशाळेचीच रीत येथे पुन्हा उपयोगी पडली.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, सांस्कृतिक विविधतेचा प्रश्न शिक्षणहक्काला मागाहून जोडलेला नाही. १८८२च्या साक्षीत आणि १९१२च्या चर्चेत तो गाभ्यातच होता. पुढे हक्काची भाषा अधिक नेमकी होत गेली, तसतसा तो कडेला सरकला. दुसरी गोष्ट ही की, संविधानाने सांस्कृतिक हक्क समूहाला दिले आणि शिक्षणाचा हक्क मुलाला दिला. ज्या मुलाचा समूह दुर्बल आहे, ते या दोहोंच्या मधल्या फटीत सापडले. तिसरी गोष्ट म्हणजे, जेथे जेथे शाळेने स्वतःत बदल केला, तेथे तेथे मुले टिकली. कोल्हापूरची वसतिगृहे आणि कोसबाडची कुरणशाळा याची साक्ष देतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्यातही 'शक्य असेल तेथे' हे शब्द कायम आहेत. हे शब्द काढून टाकणे कदाचित व्यवहार्य नसेल; पण त्यांना माप देणे खचितच शक्य आहे. किती मुले असली म्हणजे त्यांच्या भाषेचा शिक्षक नेमलाच पाहिजे, हे १९४९ मध्ये ठरविता आले होते. ते आज ठरविता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

मराठी भाषकांना या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. महाराष्ट्राबाहेर ते भाषिक अल्पसंख्याक आहेत. सीमाभागातील मराठी शाळांसाठी ते ज्या अनुच्छेद ३५०-अ चा आधार घेतात, तो न्याय्य आहे. महाराष्ट्रात मात्र मराठी ही राज्यभाषा आहे आणि तेथे गोंडी, भिली, कोरकू, कोलामी बोलणारे मूल त्याच अनुच्छेदाचा आधार मागत मराठी शाळेच्या दाराशी उभे आहे. आपल्यासाठी जो न्याय आपण मागतो, तोच त्याला देणे, ही आपल्या भाषानिष्ठेची खरी कसोटी ठरेल.